मिनीचं माप

२०२५ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूने ऑक्सफर्डच्या कारखान्यासाठी जाहीर केलेली ६० कोटी पौंडांची गुंतवणूक थांबवून ठेवली. मिनी ही मूळची छोटी ब्रिटिश गाडी, तिचं नाव आता बीएमडब्ल्यूकडे आहे, आणि त्या नावाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या तिथे तयार व्हायच्या होत्या. त्या सध्या चीनमध्येच बनत राहणार हे स्पष्ट झालं आणि जुना वाद नव्याने पेटला. खरी मिनी २००० सालीच गेली, जर्मनांनी तिचं नाव बळकावलं आणि आता तर तिला चीनला पाठवून दिलं, असं एक बाजू म्हणते. जर्मनांनी हात दिला नसता तर मिनी आज फक्त संग्रहालयात बघायला मिळाली असती, असं दुसरी बाजू म्हणते. आपल्याकडचे गाडीवेडेही या वादात तितक्याच हिरिरीने उतरतात. मी तो बरीच वर्षं वाचत आलो आहे आणि दर वेळी मला वाटतं की दोन्ही बाजू मिनीचा पासपोर्ट तपासण्यात गुंतल्या आहेत. गाडीकडे कुणी बघतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मिनी कुठल्या देशाची हा प्रश्न तिच्या बाबतीत सगळ्यात कमी महत्त्वाचा. मिनी ही एका अडचणीतून काढलेली वाट होती. रस्त्यावरची कमीत कमी जागा अडवून आणि कमीत कमी पेट्रोल जाळून चार मोठी माणसं सामानासकट कशी न्यायची, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. तिला मोजायचं तर याच मापाने मोजायला हवं. आणि या मापाने बघितलं तर मिनीशी पहिली बेइमानी बीएमडब्ल्यूच्या म्युनिकमध्ये झाली नाही. ती त्याच्या तीस वर्षं आधी इंग्लंडमध्ये, तिच्या स्वतःच्या मालकांच्या बैठकीत झाली.

आधी पासपोर्टचा निकाल लावू. ज्याने मिनी कागदावर उतरवली तो अलेक इसिगोनिस १९०६ साली स्मर्ना शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये जन्मला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियातल्या घराण्यातली. १९२२ मध्ये तुर्की सैन्य शहरात शिरल्यावर जी कुटुंबं घाईघाईने हलवली गेली त्यांत हे कुटुंब होतं. वडील माल्टामध्ये वारले, आई आणि मुलगा निर्वासित म्हणून इंग्लंडला पोचले. आता दुसरं टोक बघा. बीएमडब्ल्यूची पहिली चारचाकी कुठली? १९२८ मध्ये त्यांनी आयझेनाखचा कारखाना विकत घेतला, तिथे 'डिक्सी' बनत होती, आणि डिक्सी म्हणजे परवाना घेऊन बनवलेली ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन. तीस वर्षांनी मिनी बाजारात आली ती दोन नावांनी, आणि त्यांतलं एक नाव पुन्हा ऑस्टिन सेव्हनच होतं. दुसरं मॉरिस मिनी-मायनर. १९९४ मध्ये ८० कोटी पौंड मोजून मिनी बनवणारा रोव्हर समूह घेणारे बीएमडब्ल्यूचे प्रमुख बेर्न्ड पिशेट्सरीडर तर इसिगोनिसच्या आईकडच्या नात्यातले. जुनी मिनीसुद्धा फक्त इंग्लंडात बनत नव्हती. मिलानमध्ये इनोचेंती कंपनी ती बनवायची, स्पेनमध्ये पाम्प्लोनाला बनायची, ऑस्ट्रेलियात बनायची. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मिलानची मिनी खोटी. मग ऑक्सफर्डची, जर्मन मालकाची, २००१ नंतरची मिनी केवळ मालकाच्या देशामुळे खोटी कशी ठरते?

तर मग मिनीचं मिनीपण कशात होतं? त्यासाठी १९५६ कडे जावं लागतं. इजिप्तच्या नासेरनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, युद्ध झालं, तेलाची वाट तुटली, आणि डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर मिळू लागलं. लोकांनी बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या जर्मन गाड्या घ्यायला सुरुवात केली. त्यांत बीएमडब्ल्यूची इझेटा होती, जिचा दरवाजा पुढून फ्रिजसारखा उघडायचा. ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या विलीनीकरणातून १९५२ साली झालेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा प्रमुख लेनर्ड लॉर्ड या गाड्यांवर भयंकर चिडला होता. त्यांना रस्त्यावरून हुसकावेल अशी धड छोटी गाडी बनव, असं त्याने इसिगोनिसला सांगितलं. अट एकच, इंजिन कंपनीकडे तयार आहे तेच वापरायचं.

इसिगोनिसने गाडीची लांबी दहा फूट धरली आणि मग त्या दहा फुटांत माणसाला काय लागतं याचा विचार माणसापासून सुरू केला. तेव्हाच्या गाड्यांत इंजिन उभं बसायचं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा. माणसं उरलेल्या जागेत. त्याने इंजिन आडवं फिरवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटात, तेलाच्या टाकीत बसवला आणि ओढण्याचं काम पुढच्या चाकांना दिलं. चाकांच्या कमानी आतली जागा खातात म्हणून चाकं दहा इंचांची. एवढ्या लहान चाकांना टायर नव्हते तर डनलॉपकडून करून घेतले. स्प्रिंगा जागा घेतात म्हणून अलेक मोल्टन या इंजिनिअरने त्यांच्या जागी रबराचे शंकू दिले. काच खाली-वर करण्याची यंत्रणा दाराची जाडी वाढवते म्हणून काचा सरकत्या केल्या, आणि दारात जी पोकळी मोकळी झाली तिचे खोल खण झाले. पत्र्याचे जोड बाहेरच्या बाजूला ठेवले कारण तसं वेल्डिंग सोपं आणि स्वस्त. मागची डिकी खाली उघडायची, तिच्यावर सामान ठेवून तशीच गाडी चालवता यायची. गाडीने व्यापलेल्या जमिनीच्या ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. मला या यादीत सगळ्यात जास्त हे भावतं की यातली एकही गोष्ट दिसण्यासाठी केलेली नाही. नंतर जे रूप जगाने डोक्यावर घेतलं ते या हिशेबातून आपोआप आलं. १९५८ च्या जुलैत लॉर्डने नमुन्याची गाडी कारखान्याभोवती पाचेक मिनिटं चालवली आणि वर्षभरात बाजारात आणा म्हणून सांगितलं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती आली. ८४८ सीसी, चार माणसं, लांबी ३.०५ मीटर, किंमत करासह ४९७ पौंडांच्या आत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीएमडब्ल्यू इतकी डबघाईला आली होती की डाइमलर-बेन्झच्या घशात जायची वेळ आली. हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला म्हणून वाचली. १९५९ च्या नाताळात कुणाला विचारलं असतं की पस्तीस वर्षांनी या दोघांपैकी कोण कुणाला विकत घेईल, तर काय उत्तर मिळालं असतं?

इथे जुन्या मिनीच्या भक्तांविरुद्धचा सगळ्यात जोरकस मुद्दा येतो आणि तो मला मान्य करायलाच हवा. ती गाडी धंदा म्हणून फसलेली होती. पहिल्या गाड्यांच्या तळाचा पत्रा अशा रीतीने जोडला होता की पावसाचं पाणी आत शिरायचं. इंजिन फिरवून बसवल्याने डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या मागे आला होता. मोठा पाऊस लागला की भिजायचा आणि गाडी बंद पडायची. इंग्लंडसारख्या पावसाळी देशात! त्याहून गंभीर म्हणजे किंमत. फोर्डने एक मिनी विकत घेऊन तिचा नटबोल्ट सुटा केला, प्रत्येक भागाचा खर्च मांडला आणि निष्कर्ष काढला की ही गाडी विकताना कंपनी दर गाडीमागे तीसेक पौंड गमावते आहे. कंपनीने तो आकडा मान्य केला नाही. पण याच फोर्डने १९६२ साली आणलेली कॉर्टिना पै-पैचा हिशेब करून बनवली होती आणि तिने रग्गड पैसा कमावला. मिनी मात्र माँटे कार्लो रॅली जिंकत होती. १९६४ ला पॅडी हॉपकर्क, पुढच्या वर्षी टिमो मॅकिनन, १९६७ ला राउनो आल्टोनन. मधल्या १९६६ मध्ये दिव्यांच्या नियमावरून बाद केलं नसतं तर तो किताबही तिचाच होता. ट्रॉफ्या येत होत्या आणि तिजोरीत पुरेसं काही पडत नव्हतं.

पण या मुद्द्यावरून बीएमडब्ल्यूचे समर्थक जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे. ते म्हणतात, लहान गाडीत पैसाच नसतो, म्हणून मिनीला मोठं आणि महाग व्हावंच लागलं. मिनी लहान होती म्हणून तोटा होत होता, याला पुरावा काय? तोटा किमतीच्या निर्णयात होता. जगातली सगळ्यात पुढची रचना हातात असताना तिचं मोल न लावता ती बाजारातल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांच्या रांगेत उभी केली गेली. शिवाय तीच गाडी दोन नावांनी, दोन विक्रेत्यांच्या जाळ्यांतून आणि दोन कारखान्यांतून काढली जात होती, कारण विलीनीकरणानंतरही ऑस्टिनची आणि मॉरिसची माणसं एकमेकांना जागा द्यायला तयार नव्हती. १९६९ मध्ये कुठे ती नुसती 'मिनी' झाली.

आणि आता ती बेइमानी. १९६७-६८ मध्ये इसिगोनिसने मिनीची वारस तयार केली होती. तिचं कंपनीतलं नाव ९एक्स. ती जुन्या मिनीपेक्षा काही इंचांनी आखूड होती, रुंदीला थोडी जास्त, आत जागा अधिक, मागे पूर्ण उघडणारा दरवाजा, आणि कमी भागांचं, हलकं, नवं इंजिन. म्हणजे दहा वर्षांत शिकलेलं सगळं वापरून मूळ प्रश्न पुन्हा, आणखी काटेकोरपणे सोडवलेला. १९६८ मध्ये ट्रक-बस बनवणाऱ्या लेलँडशी विलीनीकरण होऊन कंपनीची ब्रिटिश लेलँड झाली, सूत्रं लेलँडच्या डोनाल्ड स्टोक्सकडे गेली आणि ९एक्स बाजूला पडली. इसिगोनिसला सर ही पदवी मिळाली आणि मुख्य कामातून मात्र तो दूर झाला. मिनीला काय मिळालं? क्लबमन नावाखाली लांबवलेलं नाक. बाहेर जग थांबलं नव्हतं. इटलीत फियाटच्या दान्ते जाकोझाने आडवं इंजिन घेतलं, पण गिअरबॉक्स पोटात न घालता शेजारी बसवला, ज्याने खर्च आणि दुरुस्ती दोन्ही सोपी झाली. आधी आउटोबिआंकी प्रिमुला, मग १९६९ ची फियाट १२८. जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या आज याच मांडणीच्या आहेत. १९८३ च्या डिसेंबरात आपल्या रस्त्यांवर आलेली मारुती ८०० त्याच वंशातली. ज्यांनी वाट पाडली त्यांच्याकडे १९७२ ला रेनो ५ आली तेव्हा आणि १९७६ ला फोर्ड फिएस्टा आली तेव्हाही तीच १९५९ ची गाडी होती.

याचं खापर कामगार संघटनांवर फोडायची पद्धत आहे. सत्तरच्या दशकात लाँगब्रिजला, मिनीच्या कारखान्यात, संप झाले, अतोनात झाले, त्यात उत्पादन बुडालं, हे खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण तयार असलेली वारसदार गाडी कपाटात ठेवण्याचा ठराव कुठल्या संघटनेने केला होता? तो कोट-टाय घातलेल्या माणसांनी केला. १९८० मध्ये त्याच कंपनीची मेट्रो ही नवी छोटी गाडी आली ती मिनीची जागा घ्यायला. ती नव्वदच्या दशकातच संपली आणि मिनी तिच्यानंतरही बनत राहिली. ४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजमधून शेवटची बाहेर पडली तेव्हा आकडा ५३,८७,८६२ वर पोचला होता. ही निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती हलगर्जीची वाटते. एक्केचाळीस वर्षं तीच गाडी चालवत ठेवणं म्हणजे तिच्या कर्त्याने विचारलेला प्रश्न एक्केचाळीस वर्षं पुन्हा न विचारणं.

त्याची शिक्षा कशी मिळाली, हे मराठी वाचकाला विशेष कळायला हवं. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर सोडून दिली. मिनी आणि ऑक्सफर्डचा कारखाना स्वतःकडे ठेवला, लँड रोव्हर फोर्डला विकली, आणि रोव्हर व लाँगब्रिज १० पौंडांना एका ब्रिटिश गटाच्या हवाली केलं. आता लाँगब्रिजकडे छोटी गाडी हवी तशी उरली नाही. ज्या कारखान्याने जगाला छोटी गाडी शिकवली त्याने २००३ मध्ये पुण्याजवळच्या पिंपरीत बनलेली टाटा इंडिका आणून, तिला 'सिटीरोव्हर' असं नाव लावून विकायला काढलं. इंडिका १९९८ ची, आपल्या इंजिनिअरांनी कष्टाने उभी केलेली, आडव्या इंजिनाची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. तिच्याबद्दल मला अभिमान आहे. पण तिला तिथे स्वतःच्या नावाने उभंही राहू दिलं नाही, नावाच्या जोरावर विकू असं धरलं गेलं, आणि गिऱ्हाईक फसलं नाही. २००५ मध्ये ती कंपनी बुडाली, सहा हजारांच्या आसपास लोक एका झटक्यात बेकार झाले. मालक ब्रिटिश, कारखाना ब्रिटिश, नाव ब्रिटिश. पासपोर्टवाल्यांनी या प्रसंगाचं काय करायचं ते सांगावं.

म्हणून बीएमडब्ल्यूने मिनी वाचवली हे मी मान्य करतो, अर्ध्यापर्यंत. नाव वाचलं, ऑक्सफर्डची नोकरी वाचली, आणि २००१ ची पहिली नवी मिनी चालवायला उत्तम होती असं तिचे विरोधकही म्हणतात. पण तिची लांबी ३.६ मीटरच्या पुढे होती आणि मागे बसणाऱ्याला जुन्या दहा फुटी गाडीत मिळायची तशी ऐसपैस जागा नव्हती. आजची तीन दारांची कूपर ३.८ मीटरच्या वर आहे, विजेवरची असेल तर वजन १६०० किलोच्या आसपास. जुनीचं सहाशेच्या आसपास होतं. लाइपझिगमध्ये बनणारी आजची कंट्रीमन ४.४ मीटरची. जिथे प्रत्येक इंच माणसासाठी मोजला गेला होता, तिथे आता जुन्या रूपाची आठवण राहावी म्हणून गोल दिवे आणि गोल घड्याळ मोजून बसवलं जातं. जे हिशेबातून आलं होतं त्याचं आता नक्षीकाम झालं आहे.

यावरचं उत्तर ठरलेलं असतं, सुरक्षितता. अपघातात माणूस वाचवायचा तर गाडी मोठी हवीच, आणि १९५९ ची गाडी आज कुठलीही चाचणी पार करू शकणार नाही. दुसरा भाग शंभर टक्के खरा. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या १९९७ च्या पहिल्या चाचण्यांत मेट्रोचीच पुढची आवृत्ती, रोव्हर १००, एक तारा घेऊन नापास झाली आणि तिथेच तिची विक्री मेली. मीही माझ्या घरच्यांना जुन्या मिनीत बसवून महामार्गावर नेणार नाही. पण पहिल्या भागाचं काय? टोयोटाची आयक्यू तीन मीटरहून आखूड होती, चौघांसाठी आसनं होती, आणि २००९ मध्ये तिने त्याच संस्थेचे पाच तारे मिळवले. फोक्सवॅगनची अप साडेतीन मीटरची, २०११ मध्ये पाच तारे. जपानात ३.४ मीटरच्या मर्यादेतल्या केई गाड्या आजही घरोघरी आहेत. म्हणजे लहान आणि सुरक्षित गाडी जमते. अवघड आहे, म्हणून तिथे इसिगोनिससारखं डोकं लागतं.

आयक्यू फारशी खपली नाही, हा पुढचा आक्षेप, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात कठीण. लोकांना लहान गाडी नकोच असेल तर? आपल्याकडे नॅनोचं काय झालं ते आपण पाहिलं. ३.१ मीटरमध्ये चौघांची सोय ही पुण्यातल्या इंजिनिअरांची मिनीच्या तोडीची करामत होती, पण 'लाख रुपयांची गाडी' या बिरुदाने तिला स्वस्त ठरवलं आणि स्वस्त गाडी दारात उभी करायला लोक लाजले. खुद्द मिनीचीही सुरुवात अशीच झाली होती. ज्या सामान्य माणसासाठी ती बनवली त्याने आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं. लंडनच्या श्रीमंतांनी, कलावंतांनी, राजघराण्याशी नातं असलेल्यांनी ती आधी उचलली, मग बाकीचे आले. पण या घटनेतून उलटाच धडा निघतो. लहान गाडी गरिबाची म्हणून विकली तर पडते; हुशारीची म्हणून विकली तर उमरावापासून कारकुनापर्यंत सगळे घेतात. आणि लहान गाडी प्रतिष्ठेची करून दाखवायची ताकद आज जगात ज्या मोजक्या नावांत आहे, त्यांत मिनीचं नाव पहिलं. टोयोटाकडे ते नाव नव्हतं, टाटांकडे नव्हतं. बीएमडब्ल्यूकडे आहे आणि ते साडेचार मीटरच्या जवळ पोचलेल्या गाडीवर खर्ची पडतं आहे. माझी तक्रार ही आहे. मालक जर्मन असण्याची नाही.

ऑक्सफर्डच्या कामगाराला मात्र गाडी कुठे बनते याने फरक पडतो, त्याच्या घराचे हप्ते त्यावर चालतात. त्याच्यासमोर उभं राहून 'देश महत्त्वाचा नाही' असं म्हणण्याची माझी छाती नाही. पण लाँगब्रिजच्या कामगाराकडे २००५ मध्ये देश होता, झेंडा होता आणि विकायला गाडी नव्हती. ऑक्सफर्डने काय मागावं? चीनमध्ये बनते तीच गाडी आमच्याकडे आणा एवढंच? सुएझच्या वर्षी पेट्रोल कमी होतं, आज बॅटरी महाग आहे, आणि गाडी जितकी जड तितकी बॅटरी मोठी. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, गिअरबॉक्स पोटात घालायची कसरत नाही, मोटर एवढीशी. तीन मीटरमध्ये चौघांना बसवणं १९५९ पेक्षा आज सोपं आहे. इंग्लंडातल्या गेडनच्या मोटार-संग्रहालयात ९एक्सची नमुना-गाडी ठेवलेली आहे. तिथून ऑक्सफर्डचा कारखाना मोटरने तासाभराच्या वाटेवर आहे.